मागचं चाक जड फिरतंय: ब्रेक, बेअरिंग की मोटर?

आधीच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडी इलेक्ट्रिक दुचाकी, ७२ व्होल्टची, मोटर मागच्या चाकाच्या हबमध्येच (चाकाच्या मध्यभागी), दोन्हीकडे डिस्क ब्रेक, अलॉय चाकं, वॉरंटी संपलेली. रोजचा रस्ता नाशिकमधला, गंगापूर रोड ते अंबड एमआयडीसी, आणि सुट्टीच्या दिवशी त्र्यंबक किंवा दिंडोरीकडे.

तक्रार पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू झाली. त्याच फेरीला बॅटरी जास्त उतरायला लागली. सातपूर सोडल्यावर रस्ता मोकळा होतो, तिथे रिजन (वेग कमी करताना मोटरनेच वीज बनवून बॅटरीत परत भरणं) बंद ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की गाडी पूर्वीसारखी वाहत जात नव्हती. ब्रेकला फारसा हात न लावता घरी आलो तरी मागच्या डिस्कजवळ तळहात नेला की ऊब लागायची. आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा बारीकसा सर्र आवाज. पेट्रोलच्या गाडीत हा आवाज इंजिनाखाली दबून गेला असता. इलेक्ट्रिक गाडीत चाक काय म्हणतंय ते ऐकू येतं, हा मला तिचा मोठा गुण वाटतो.

अशा वेळी बरेच जण थेट पॅड बदलतात. मी म्हणेन, थांबा. हब मोटरच्या गाडीत चाक जड होण्याला तीन कारणं असतात आणि बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. ब्रेक धरून राहिलेला असू शकतो, बेअरिंग गेलेलं असू शकतं, किंवा चूक मोटर आणि तिला बॅटरीची वीज मोजून देणारा कंट्रोलर यांच्या बाजूला असू शकते. कंट्रोलरमधले मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झाले की मोटरच्या वाइंडिंगमधल्या, म्हणजे तारेच्या वेढ्यांतल्या, विजेला आतल्या आत वाट मिळते आणि चाक फिरवलं की मोटर स्वतःच ब्रेकचं काम करते. ती ओढ ब्रेकपेक्षा वेगळी लागते. ब्रेक एकसारखा घासतो. शॉर्ट असलं की चाक टप्प्याटप्प्याने अडखळतं, आणि जितक्या जोरात फिरवाल तितकं जास्त अडवतं.

हाताला लागलेलं लक्षात राहत नाही, म्हणून मी मोजमाप घेतलं. सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा बहुतेक घरांत असतो. गाडी मेन स्टँडवर घ्यायची, मागच्या टायरवर सुताची दोरी दोन वेढे गुंडाळायची, टोकाला काटा अडकवायचा आणि सावकाश, एकाच गतीने ओढायचं. मोटरमधल्या चुंबकांमुळे आकडा थोडा खाली-वर होतो. चाक फिरतं राहिल्यावर तो ज्याच्या आसपास रेंगाळतो तो धरायचा. माझ्या चाकाला २ किलो येत होते.

मग फेज वायर, म्हणजे कंट्रोलरकडून मोटरला जाणाऱ्या तीन वायर. मेन एमसीबी पाडली, चावी काढली, कंट्रोलरमधले कपॅसिटर उतरायला वेळ दिला. हे घाईत करू नये. २० सिरीजची (एकामागे एक जोडलेल्या २० सेलची) ७२ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली असताना ८४ व्होल्ट देते, आणि ६० व्होल्ट डीसीच्या वरचा करंट अंगाला लागणं धोक्याचं मानलं जातं. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. तिन्ही जाड फेज वायर कंट्रोलरपासून सोडवून प्रत्येकीच्या टोकाला वेगळी टेप गुंडाळली. टेप यासाठी की हाताने चाक फिरवलं तरी मोटर वीज तयार करते आणि उघड्या टोकांवर ती येते. पुन्हा दोरी ओढली. आकडा तोच, २ किलो. म्हणजे कंट्रोलर निर्दोष सुटला.

उलट वायर सोडल्यावर चाक मोकळं झालं असतं, तर दोष कंट्रोलरमध्ये. वायर सोडूनही ते अडखळत राहिलं असतं, तर मोटरच्या वायरिंगमध्ये किंवा वाइंडिंगमध्ये. जाता जाता आणखी एक करून बघा. सोडवलेल्या तीनपैकी कुठल्याही दोन वायर एकमेकींना जोडा आणि चाक हाताने हळू फिरवा. ते अडखळेल. तिन्ही जोड्यांना सारखंच अडखळलं तर वाइंडिंग साधारण ठीक आहे असं समजायला हरकत नाही. शॉर्टची ओढ कशी असते हे एकदा हाताला कळलं की पुढे शंका राहत नाही.

त्यानंतर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा ब्रेकचा भाग) उतरवून बाजूला बांधून ठेवला, नळीवर वजन येऊ न देता. काटा ०.७ किलोवर आला. दोषी सापडला. १.३ किलोची ओढ ब्रेककडून येत होती.

एवढ्याने काय होतं असं वाटेल, म्हणून हिशेब मांडतो. १ किलोची ओढ म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन. तेवढा जोर किलोमीटरभर लावला की जवळपास २.७ वॉट-तास जातात. १.३ किलोला साडेतीन वॉट-तास, दर किलोमीटरला, आणि त्यातून फक्त डिस्क तापते. ३० वॉट-तासांत किलोमीटर जाणाऱ्या गाडीसाठी हा दहाव्या हिश्शाहून थोडा जास्तच झाला. बॅटरी म्हातारी झाली म्हणून हळहळणाऱ्यांनी आधी चाक मोजावं, असं मी मनापासून सांगतो.

आता ब्रेक का धरतोय हा प्रश्न. आमच्या शेजारचे काका सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होते, आता निवृत्त आहेत. ते चहाचा कप घेऊन येऊन उभे राहिले.

"काका, पिस्टन चिकटला असेल का?"

"अरे, आधी निपल सोडून बघ. ऑइलचा दाब अडकलाय की लोखंड अडकलंय, ते तरी कळू दे."

कॅलिपर परत बसवला, ब्लीडिंगच्या निपलला (कॅलिपरवरचा ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं, आणि निपल पाव आटा सैल केलं. चाक लगेच मोकळं झालं असतं तर अडकलेला दाब हे कारण ठरलं असतं. मास्टर सिलिंडरमध्ये (लिव्हरजवळ ऑइलला दाब देणारा भाग) ऑइल परत टाकीत जायचं एक बारीक छिद्र असतं, ते कचऱ्याने बुजतं, किंवा जुन्या नळीचं आतलं रबर फुगून ऑइल एकाच दिशेने जायला लागतं. त्या दोघांतला फरक ओळखायला आधी वरचा, मास्टर सिलिंडरचा बोल्ट सैल करायचा. तिथे मोकळं झालं तर मास्टर, तिथे नाही पण खाली निपलला झालं तर नळी. माझ्या गाडीत यातलं काहीच झालं नाही. निपल उघडं असतानाही चाक तसंच धरलेलं. म्हणजे अडकलंय ते लोखंडच.

पॅड बाहेर काढल्यावर खुलासा झाला. बाहेरचं पॅड तिरकं झिजलं होतं, एका टोकाला ३.१ मिमी, दुसऱ्या टोकाला २.२. असं तिरकं झिजलेलं पॅड दिसलं की संशय पहिला पिनांवर घ्यायचा. या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला आहे. तो आतलं पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोरावर अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचं पॅड ओढून घेतो. दोनपैकी एक पिन जाम झाली की कॅलिपर तिरका राहतो आणि लिव्हर सोडल्यावर पूर्ण मागे सरकत नाही.

वरची पिन बोटाने निघाली. खालची हलेना. मागेपुढे वळवत, थोडं थोडं पेनिट्रेटिंग ऑइल सोडत ती काढली, तेव्हा मधल्या भागावर तपकिरी गंजाची खरबरीत पुटं होती आणि आतल्या टोकाला ओली काळी माती. पिनेवरच्या रबरी बूटच्या (आवरणाच्या) घडीत केसाएवढी चीर होती, बूट ताणल्याशिवाय दिसलीच नसती. दिंडोरी रस्त्यावर ट्रॅक्टर शेतातून माती घेऊन डांबरावर येतात, पावसात तिचा चिखल होतो आणि तो मागच्या टायरने उडून नेमका इथेच बसतो.

काकांनी पिन हातात घेऊन फिरवून पाहिली. "ही बोटाने आत-बाहेर झाली पाहिजे. पाना लावून हलवावी लागत असेल तर ती पिन नाही, रिव्हेट आहे."

झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने पिन चकचकीत केली, भोक कापड फिरवून आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केलं, बूट नवे घातले आणि सिलिकॉन ग्रीस लावलं. गॅरेजमध्ये डब्यात असतं ते साधं ग्रीस इथे लावू नका. पेट्रोलियमच्या ग्रीसने हे रबर फुगतं आणि पिन पुन्हा आवळली जाते. पिस्टन चांगला होता. लिव्हर दाबून किंचित पुढे आणला, कड पुसली, बोटांनी दाबला तसा सरळ मागे गेला. पिस्टनला मागे ओढायला वेगळी स्प्रिंग नसते. त्याच्याभोवतीची चौकोनी छेदाची रबरी रिंगच दाबाखाली वाकते आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते. म्हणून पिस्टनच्या कडेला बसलेली घाण तशीच आत ढकलू नये.

पुन्हा दोरी, पुन्हा काटा: ०.८ किलो.

मला यातून जे सगळ्यांना सांगावंसं वाटतं ते पिनेच्या पलीकडचं आहे. पिन इतकी गंजली कारण मागचा ब्रेक वापरातच नव्हता. रिजन वरच्या पातळीवर ठेवलं की शहरात द्वारका, मुंबई नाका, सीबीएस कुठेही लिव्हरची गरज शेवटच्या दोन-चार मीटरलाच पडते. पॅड डिस्कला पुसत नाहीत, पिना हलत नाहीत, डिस्क तापून सुकत नाही. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी चढावं असा पाऊस लागला की रात्रीत डिस्कवर तांबूस थर येतो. पेट्रोलच्या गाडीत तो पहिल्या दोन सिग्नलला निघून जातो, आपल्या गाडीत राहतो. ज्या ब्रेकवर अडीअडचणीला जीव अवलंबून असतो तोच असा पडून राहतो, याची मला खरोखर काळजी वाटते. मी आता पावसाळ्यात रोज थोडा वेळ रिजन सगळ्यात खालच्या पातळीवर ठेवून लिव्हरनेच गाडी थांबवतो, आणि पिना पावसाच्या आधी व नंतर काढून बघायच्या असं ठरवलं आहे.

हात घातलाच होता म्हणून डिस्कही तपासली. मॅग्नेटिक बेसचा डायल गेज स्विंगआर्मला लावून चाक फिरवलं, डिस्क ०.१२ मिमी आउट, म्हणजे फिरताना तेवढी डगमगते. बऱ्याच मोटरसायकलींच्या मॅन्युअलमध्ये ०.३ मिमीपर्यंत चालतं, त्यामुळे डिस्कला हात लावला नाही. जाडी मायक्रोमीटरने घ्या. झिजलेल्या डिस्कच्या कडेला न झिजलेली उंच किनार राहते, व्हर्नियरचे जबडे तिच्यावर टेकतात आणि जाडी जास्त दाखवतात. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते.

ब्रेक ऑइल बदललं, डॉट ४. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावरची मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. घाटात लिव्हर स्पंजसारखा लागतो तो बऱ्याचदा यामुळेच. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते यात मिसळू नये. डॉट ५.१ चालतं.

पुढच्या चाकाचं थोडक्यात. बेअरिंग हाताला किरकिरत होतं, ते बदललं. जुन्यावर कोरलेला नंबर बघून द्वारकेजवळच्या बेअरिंगच्या दुकानातून दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं आणलं. पावसात पत्र्याच्या झाकणापेक्षा रबर सील बरं. बसवताना दाब बाहेरच्या रिंगवर द्यायचा, आतल्या रिंगवर ठोकलं तर नवं बेअरिंग तिथेच जायबंदी होतं.

लिव्हरमधला स्विचही बघून घ्या. ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा सिग्नल तिथूनच जातो. लिव्हरच्या खिळीत माती बसून तो पूर्ण परतला नाही तर मोटर पिकअप घेत नाही, आणि लोक कंट्रोलर खोलून बसतात. ब्रेकलाइट आपोआप पेटून राहिला असेल तर आधी लिव्हर धुवा.

कोजागिरी उरकल्यावर, गडाचा रस्ता खासगी गाड्यांना खुला झाला तेव्हा, नांदुरीहून सप्तशृंगीचा घाट चढून-उतरून आलो. गाडी आणि स्वार मिळून २०० किलो धरले तर १०० मीटर उतरताना सुमारे ५४ वॉट-तास ऊर्जा कुठेतरी जावी लागते, बॅटरीत किंवा डिस्कमध्ये. चढून लगेच उतरताना बॅटरीत जागा असते, रिजन छान धरतं. पण गडावर मुक्काम करून रात्री पूर्ण चार्ज केलेली गाडी सकाळी खाली आणणाऱ्यांनी जपावं. भरलेल्या बॅटरीत बीएमएस (बॅटरीची राखण करणारं सर्किट) आणखी करंट घेऊ देत नाही, रिजन गायब होतं आणि सगळा भार डिस्कवर येतो. मुक्काम असेल तर ८०-८५ टक्क्यांवर चार्जर काढा.

पायथ्याला इन्फ्रारेड गनने तापमान घेतलं, काळ्या रंगाच्या कॅलिपरवर. चकचकीत डिस्कवर ही गन चुकीचं दाखवते. पुढचा ५८ अंश, मागचा ४४. ब्रेक मारताना वजन पुढे जातं, तेव्हा पुढचा जास्त तापलेला असणं बरोबर आहे. ऑगस्टमध्ये नेमकं उलटं होतं.

परत आल्यावर मागच्या ॲक्सलचे नट टॉर्क रेंचने पुन्हा बघितले. हब मोटरमध्ये पिकअपला ॲक्सल एका दिशेने पिळला जातो आणि रिजनला उलट दिशेने, दिवसभर हेच चालू असतं. ॲक्सल फिरू न देणारे टॉर्क आर्म दोन्ही बाजूंना हवेत, एका बाजूला असून भागत नाही. नट हलले नव्हते. ॲक्सलमधून केबल बाहेर येते तिथलं सीलंट मात्र सुटायला आलं आहे. तिथून पाणी आत गेलं की चुंबक आणि स्टेटर (मोटरचा न फिरणारा, वाइंडिंगचा भाग) गंजतात.

उरलेल्या ०.७ किलोमध्ये ऑइल सीलचा वाटा किती आणि चुंबकांचा किती, हे हबचं झाकण उघडल्यावरच कळेल. चुंबक झाकणाला इतक्या जोराने ओढून घेतात की बोटं मध्ये सापडली तर चिरडतील, त्यामुळे ते हाताने उघडायचं काम नाही. सातपूरला लेथवाल्याकडे पुलर, म्हणजे झाकण सावकाश ओढून काढायचं अवजार, बनवायला टाकला आहे. तो दिवाळीनंतर मिळेल, तोवर सीलंटचा वरून एक थर देऊन गाडी चालवतो आहे.