लाईन येईपर्यंत

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी माझ्या कपाटात ऑफिसची एक बारनिशी आहे. हल्लीच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक कागदाची नोंद करायची ती आवक-जावक वही. माझ्याकडची १९९६ सालची आहे. कंपनीने जुने कागद रद्दीत काढले तेव्हा रद्दीवाल्याच्या काट्यावर जायच्या आधीच मी ती पिशवीत घातली. २०२१ च्या पुरात ती भिजली, पानं भाकरीसारखी फुगली, पण बॉलपेनची अक्षरं टिकली. शाईच्या पेनाचा अभिमान असलेल्या साहेबांच्या सह्या तेवढ्या वाशिष्ठीत गेल्या.

१९८८ साली मी लोट्याच्या एमआयडीसीत एका रसायन कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. रोज चिपळूणहून एसटीने परशुराम घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा. इंग्रजी ४०, मराठी ३० अशा दोन परीक्षा पास होऊन गेले होते, वाटलं होतं नवाकोरा टाईपरायटर मिळेल. पहिल्या दिवशी हातात पडली ती बारनिशी. क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय, कोणाकडे दिलं, सही आणि शेवटचा रकाना ‘निकाली’. तो भरेपर्यंत ते पत्र माझ्या मानगुटीवर. दर सोमवारी साहेब वही मागवायचे आणि रिकाम्या ‘निकाली’भोवती लाल पेन्सिलीने गोल करायचे. ओरडायचे नाहीत. त्या गोलाचीच दहशत पुरेशी होती.

‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी हे माझ्या बोटांना ईमेलच्या खूप आधी ठाऊक होतं. चौथी प्रत वाचायला दिव्यदृष्टी लागायची. ‘बीसीसी’, म्हणजे मूळ पत्रावर नाव न दिसणारी गुपचूप प्रत, करायची तर वरचा मूळ कागद काढून घ्यायचा, खालच्या प्रती पुन्हा रोलरवर चढवायच्या आणि फक्त त्यांच्यावर ते जादा नाव टाईप करायचं. पाच-सात मिनिटांची उस्तवार. त्यामुळे माणसं गुपितंसुद्धा जपून करायची. मुंबईच्या हेड ऑफिसशी बोलायला टेलेक्स होता, मग फॅक्स आला. फॅक्सचा तो गुळगुळीत कागद वर्षभरात पांढराफटक पडायचा, म्हणून आलेल्या प्रत्येक फॅक्सची आधी झेरॉक्स काढायची आणि मग बारनिशीत चढवायचा.

आणि सगळ्याच्या वर पाऊस. मिरगाचे चार थेंब पडले की फोनची लाईन जायची. विजेचंही तेच. कोयनेची वीज आमच्याच तालुक्यात पोफळीला तयार होते, पण ती आमच्याकडे न थांबता पुढे जाते असं आमच्या शिपायाचं ठाम मत होतं.

१९९७ साली मुंबईहून ईडीपीचा एक मुलगा रात्रीच्या एसटीने आला. कॉम्प्युटर विभागाला तेव्हा ईडीपी म्हणत. त्याने आमच्या मशीनवर लोटस नोट्स नावाचं ईमेलचं सॉफ्टवेअर टाकलं. मला ते पाहताक्षणी आवडलं नाही. पासवर्ड टाईप करताना खोक्यात इजिप्तच्या थडग्यातल्यासारखी चित्रं बदलत राहायची. स्क्रीन ताजी करायला एफ-९ दाबायचं, आणि चुकून एफ-५ दाबलं तर सॉफ्टवेअर तोंडावर दार लावून बाहेर काढायचं. सगळ्या जगात एफ-५ म्हणजे ‘ताजं कर’, इथे ‘चालती हो’. माझ्या बोटांनी वर्षभर शिव्या दिल्या.

पण त्यात एक गोष्ट होती, आणि हे सगळं लिहायला बसले आहे ती त्याच गोष्टीसाठी. नोट्स फक्त टपाल नव्हतं. खरेदीची मागणी, तिची मंजुरी, पुरवठादारांची यादी, चर्चा, सगळं त्यात वेगवेगळ्या वह्यांसारखं असायचं आणि प्रत्येक वहीची एक प्रत लोट्याला, एक मुंबईला. दिवसभर आम्ही आमच्या प्रतीत लिहायचं, त्यांनी त्यांच्या. रात्री आमचा सर्व्हर मॉडेमवरून मुंबईला फोन लावायचा आणि दोन्हीकडच्या वह्या ताडून जुळवायच्या, इकडचं नवं तिकडे, तिकडचं इकडे. याला रेप्लिकेशन म्हणत. दोन भावांनी दिवाळीत एकत्र बसून खातं जुळवावं तसं, फक्त रोज. लाईन नसेल तर? नसू दे. काम थांबत नसे. पावसात एकदा सलग चार दिवस लाईन नव्हती, मी रोजच्यासारखी मागणीपत्रं भरत राहिले, पाचव्या रात्री लाईन आली आणि सकाळपर्यंत सगळं मुंबईत.

दोघांनी एकाच कागदात बदल केला तर गंमत व्हायची. आमच्या स्टोअरच्या अण्णांनी पिंपांची संख्या ४० केली आणि त्याच दिवशी मुंबईच्या कोणीतरी ६०. दुसऱ्या दिवशी यादीत मूळ कागदाखाली एक चौकटचा एक्का उमटला, ‘रेप्लिकेशन कॉन्फ्लिक्ट’. मशीनने न्याय केला नाही. दोन्ही आवृत्त्या ठेवल्या आणि म्हणालं, तुमचं तुम्ही बघा. अण्णा फोनवर भांडले, ५० ठरले.

माझा भाचा, भावाचा मुलगा, पुण्यात प्रोग्रॅमर आहे. नोट्सचा इतिहास त्याने मला नंतर सांगितला. १९७३ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाच्या शिक्षणाच्या संगणकावर डेव्हिड वूली नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने आपसात टिपणं ठेवायची सोय लिहिली. त्याच विद्यापीठात शिकलेल्या रे ओझीच्या डोक्यात ती राहिली आणि १९८९ च्या डिसेंबरात लोटस नोट्स बाजारात आलं. १९९५ साली आयबीएमने साडेतीन अब्ज डॉलर देऊन लोटस कंपनीच घेतली, आणि २०१९ मध्ये नोट्स आपल्या एचसीएलकडे आलं. म्हणजे मी ज्याला शिव्या घातल्या ते आता स्वदेशी झालंय.

त्यानेच मला ईमेलच्या पहिल्या माणसाचं, रे टॉमलिन्सनचं, सांगितलं. १९७१ साल, एकाच खोलीत शेजारी ठेवलेले दोन संगणक, आणि जाळ्यातून एकाकडून दुसऱ्याकडे गेलेला निरोप. काय लिहिलं होतं ते त्याला नंतर आठवेना. बहुधा कीबोर्डची वरची ओळ, क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय, असं तो सांगायचा. मला फार बरं वाटलं. मशीन नीट चालतंय का बघायला जगातला प्रत्येक टायपिस्ट हेच बडवतो. माणसाचं नाव आणि मशीनचं नाव वेगळं करायला त्याने जे चिन्ह निवडलं ते मला बिलांमुळे माहीत होतं, १० डझन, अमुक दराने. म्हणून तर आपण भारतीय अजून ईमेल पत्ता सांगताना ‘अॅट द रेट’ म्हणतो.

२००९ च्या सुमारास हेड ऑफिसने नोट्स बंद करून आऊटलूक आणलं. दिसायला छान, एफ-५ माणसात. मेलची प्रत आपल्या मशीनवर ठेवायची सोय त्यातही होती, हे कबूल करते. पण नोट्समधल्या वह्या गेल्या. पुरवठादारांची बारा वर्षांची यादी एक्सेलमध्ये ओतली, आणि ती एक्सेल मेलला जोडून फिरू लागली. ‘यादी’, ‘यादी नवी’, ‘यादी नवी फायनल’, ‘यादी फायनल अण्णा’. जोडपत्राची ही सोय १९९२ ची. ती ज्यांनी केली त्यांना यातलं किती अपेक्षित होतं देव जाणे. वर मेलमधून जाताना फाईल अक्षरांत बदलून जाते, त्यामुळे तिचं वजन साधारण एक तृतीयांशाने वाढतं. लोट्याच्या लाईनवर तो तृतीयांश चहाचे दोन कप व्हायचा.

कार्बन पेपर गेल्यामुळे सीसीची भीती गेली. एका गळक्या पंपाबद्दल आलेल्या मेलमध्ये मी ३१ नावं मोजली आहेत. बारनिशीत ‘कोणाकडे दिलं’ हा रकाना एवढुसा होता, त्यात एकच नाव मावायचं. ३१ जणांना दिलेलं काम कोणालाच दिलेलं नसतं हे अण्णांना पहिल्या आठवड्यात कळलं आणि त्यांनी निवृत्तीपर्यंत त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

मग टीम्स, ऑफिसच्या गप्पा आणि व्हिडिओ मीटिंगचं अॅप. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते आमच्याकडे आलं, आणि त्याच वेळी भाचा लॅपटॉप घेऊन माझ्या माहेरी, दापोली तालुक्यात. त्याच्या ऑफिसात तसलंच, स्लॅक होतं. त्याचं पूर्ण नाव त्याने फोडून सांगितलं, सगळं बोलणं आणि माहिती यांची शोधता येणारी नोंद. मी म्हटलं, “म्हणजे बारनिशीच की रे.”

“तशीच, आत्या. फक्त ‘निकाली’ नाही.”

रेंज फक्त खळ्याच्या कोपऱ्यातल्या फणसाखाली. तिथे खुर्ची, खुर्चीवर तो, डोक्यावर फणस. नावापुढचा, ऑनलाईन असल्याचा हिरवा ठिपका विझला की पुण्याहून विचारणा, “कुठे आहेस?” ३ जूनला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरला जमिनीवर चढलं तरी दापोली-मंडणगडलाही त्याने सोडलं नाही. पोफळी-नारळ आडवे, घरावरचे पत्रे दुसऱ्याच्या वाडीत. फणसही गेला. वीज यायला कित्येक आठवडे लागले.

त्या दिवसांत तो एका कामात मात्र अडला नाही. लॅपटॉप कुणाच्या तरी गाडीच्या बॅटरीवर चार्ज करायचा आणि प्रोग्रॅम लिहीत बसायचा. चार दिवसांनी दापोलीला जाऊन, जिथे लाईन मिळेल तिथून, सगळं एकदम चढवायचा. मी विचारलं हे कसं. म्हणाला, गिट, प्रोग्रॅमच्या प्रती सांभाळणारं सॉफ्टवेअर. लिनस टॉरवाल्ड्सने २००५ साली केलेलं. प्रत्येकाकडे सगळ्या कामाची पूर्ण प्रत, जमेल तेव्हा जुळवायची, दोघांनी एकच ओळ बदलली तर ‘कॉन्फ्लिक्ट’.

“अरे, हे नोट्स!”

तो हसला नाही. म्हणाला, “आत्या, कौचडीबी नावाचा एक डेटाबेस आहे, त्यातलं रेप्लिकेशन खरंच तुझ्या नोट्सवरून आलंय. तो लिहिणारा डेमियन कॅट्झ आधी नोट्सवर काम करायचा.”

त्या रात्री मी फार विचार केला. सॉफ्टवेअरची मी जुनं-नवं अशी विभागणी करायचे, ती चुकीची होती. एक जात वाट बघू शकते, दुसरी बघू शकत नाही. साधं ईमेलसुद्धा पहिल्या जातीचं. पलीकडचा सर्व्हर बंद असला तर अलीकडचा निरोप टाकून देत नाही, पुन्हापुन्हा प्रयत्न करतो, बरेचदा चार-पाच दिवससुद्धा दम धरतो. घाटात दरड पडली की पार्सल डेपोत ठेवून घेणाऱ्या एसटीच्या माणसासारखा. व्हॉट्सअॅपची ती एकटी करडी टिकही तशीच. हिरवा ठिपका आणि व्हिडिओ मीटिंग दुसऱ्या जातीची. त्यांना तुम्ही आत्ता, समोर, हवे असता. लाईन न जाणाऱ्या गावात बसून कोणीतरी ती केली असणार.

पुढच्याच वर्षी, २२ जुलैच्या पहाटे, चिपळुणात पाणी शिरलं. २००५ च्या खुणेवर आमचा विश्वास होता, पाणी ती ओलांडून गेलं. आम्ही वरच्या मजल्यावर, यजमानांचं बाजारपेठेतलं दुकान पाण्याखाली. मी लॅपटॉप वर नेला, बारनिशी खालच्या कपाटात विसरले. मोबाईल मुके. काही दिवसांनी रेंज आली तेव्हा टीम्सवर एका मीटिंगच्या सात सूचना होत्या, मी हजर नसल्याबद्दल. ईमेलमध्ये मुंबईच्या एका साहेबांचं दोन ओळींचं पत्र होतं, २२ तारखेचं. तुम्ही सगळे ठीक असाल अशी आशा, जमेल तेव्हा कळवा.

चिखल काढून झाल्यावर बारनिशी सापडली. पान न् पान सुटं करून पंख्याखाली वाळवली. वाळवताना वाचत गेले. अख्ख्या वहीत एकच नोंद अशी निघाली की जिचा ‘निकाली’ रिकामा, लाल पेन्सिलीच्या तीन गोलांसकट. गेटवरचा वजनकाटा २० किलो जास्त दाखवतो, दुरुस्तीबाबत. कोणाकडे दिलं: स्टोअर. खाली अण्णांची बॉलपेनची सही, ठणठणीत.

अण्णा आता गुहागरकडे असतात, रेंज त्यांच्याकडे अधूनमधून येते. मी पानाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, “अण्णा, २५ वर्षं झाली.” एकच टिक. तिसऱ्या दिवशी दोन झाल्या, निळ्या झाल्या, आणि उत्तर आलं.

“उद्या बघतो.”