दगडफुलावरची बुरशी : पावसाळा ते माघ

गेल्या नोंदीत मी लिहिलं होतं, की मसाल्याच्या दगडफुलावर (तेही एक शैवाक, म्हणजे लायकेन) शैवाकवासी, म्हणजे शैवाकावर राहणारी परकी बुरशी सापडली. ते विधान मागे घेतोय. ती बुरशी नव्हती. म्हणजे बुरशी होती, पण दगडफुलाची स्वतःचीच.

झालं असं, की आईला काळ्या मसाल्यासाठी पावशेर दगडफूल हवं होतं. बेळगावच्या खडेबाजारातून आणलं आणि भाजायच्या आधी वर्तमानपत्रावर पसरून एकेक पापुद्रा दहापट भिंगाखाली घातला. तीन-चार पापुद्र्यांवर सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके होते. तेवढ्यावर मी निष्कर्ष काढला. नंतर ब्लेडने पातळ काप घेऊन पाण्यात ठेवला आणि चारशेपटीत पाहिला, तर आत रंगहीन, काडीसारखे बारीक बीजाणू दिसले. पार्मोट्रेमाच्या, म्हणजे दगडफुलातल्या शैवाकाच्या, स्वतःच्या पिक्निडियात (बीजाणू तयार करणाऱ्या बारीक कोशांत) असेच असतात. ज्यांना हा नाद नवीन लागलाय त्यांना कळकळीने सांगतो, ठिपका दिसला की आधी यजमान शैवाकाचे स्वतःचे अवयव ओळखायला शिका. माझे दोन महिने त्यात गेले.

शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा संसार, हे आपण सगळे जाणतो. आपला शोध त्या घरात राहायला येणाऱ्या तिसऱ्याचा. कुणी यजमानाला मारतो, कुणी गाठी आणतो, कुणी वर्षानुवर्षं काही न बिघडवता राहतो. डिप्लोशिस्टिस मस्कोरम हा शैवाक तर कोवळेपणी क्लॅडोनिया या दुसऱ्या शैवाकावर वाढतो, तिचं शैवाल वापरतो आणि पुढे स्वतःचं वेगळं शैवाल मिळवून स्वतंत्र शैवाक होतो. 2018 साली डीडेरिख, लॉरी आणि एर्ट्झ यांनी केलेल्या यादीत फक्त शैवाकांवरच जगणाऱ्या, स्वतः शैवाक नसलेल्या 2000 जाती आहेत. बहुतेक अ‍ॅस्कोमायसीट (पिशवीत बीजाणू करणाऱ्या), थोड्या बॅसिडिओमायसीट (अळंबीच्या गटातल्या).

वर्गीकरणात मला सगळ्यात जास्त रस याच ठिकाणी आहे. 'शैवाकवासी' हे कुळ नव्हे, ती राहणी आहे. बुरशीच्या वंशवृक्षात ही राहणी कितीतरी वेळा स्वतंत्रपणे आली. म्हणून एकाच पापुद्र्यावर शेजारी-शेजारी बसलेले दोन ठिपके एकमेकांचे फारच लांबचे नातेवाईक असू शकतात. लायकेनोकोनियम या शैवाकवासी बुरशीचंच बघा. त्याची लैंगिक अवस्था माहीत नव्हती, म्हणून जुन्या पुस्तकांत तो 'सीलोमायसीट' या सोयीच्या पेटाऱ्यात पडून होता. डीएनए पाहिल्यावर तो डोथिडिओमायसीटांत (अ‍ॅस्कोमायसीटांच्या एका वर्गात) गेला आणि 2013 मध्ये त्याच्यासाठी लायकेनोकोनिएलीस हा स्वतंत्र गणच केला गेला. 2011 च्या मेलबर्न परिषदेत एका बुरशीला एकच नाव असं ठरलं, तेव्हापासून एकाच बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना दोन नावं चालवणं बंद झालं. डॅक्टिलोस्पोरा हे शैवाकवासी प्रजातीचं नाव जुन्या स्क्लेरोकॉकममध्ये विलीन झालं ते याच ओघात. जुनी किल्ली (ओळख पटवायचा तक्ता) वापरणाऱ्यांनी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

आता खरी प्रगती. त्याच पावशेरातल्या एका पापुद्र्यावर करपट, तपकिरी डाग होता आणि त्यात ठिपके दाटीने बसले होते. काप घेतला. बीजाणू तपकिरी, एकपेशी, तीन-चार मायक्रॉनचे, एका टोकाला सपाट. हा लायकेनोकोनियम, याबद्दल मला आता शंका नाही. जात मात्र लिहीत नाही. आणि ही नोंद बेळगावची म्हणूनही धरत नाही, कारण बाजारातलं दगडफूल बरंचसं हिमालयाकडून येतं. सरावाला मसाल्याचं पुडकं उत्तम, ठिकाणाच्या नोंदीला अजिबात नाही.

म्हणून पौषात जांबोटीला मामाच्या घरी गेलो. परसातल्या जुन्या आंब्यावर करड्या चकत्या भरपूर आहेत. नोटा तपासायची अतिनील बॅटरी संध्याकाळी मारली, तर चकत्या पिवळ्या चमकल्या. हा शैवाक पिक्सिन कोकोइस. शेजारच्या आज्जी बराच वेळ बघत होत्या.

"काय हुडकायल्यास रे त्या सालीत?"

"ह्या पांढऱ्या बुरशीला दुसरी बुरशी लागलीया काय बघायलोय, आज्जी."

"आंब्याला लागल काय ती?"

नाही लागत, म्हणालो. मग त्यांनी स्वतःच वाऱ्याने मोडून पडलेली एक फांदी आणून दिली. माझा सगळ्यात चांगला नमुना त्याच फांदीवरचा आहे.

चकतीत अर्धे रुतलेले काळे, गोल फळकोश. कॉस्टिक पोटॅशच्या थेंबात दाबल्यावर पिशव्या सुटल्या. पिशवीत आठ बीजाणू, तपकिरी, द्विपेशी. आता ही कुठली शैवाकवासी प्रजाती? बीजाणू शंभरभर असते तर म्युलेरेलाचा विचार केला असता, रंगहीन असते तर स्टिग्मिडियमचा. उरले एंडोकॉकस आणि पॉलिकॉकम. पॉलिकॉकममध्ये पिशव्यांच्या मधले धागे टिकून राहतात, एंडोकॉकसमध्ये ते नसतात. माझ्या तीन कापांपैकी दोनांत धागे दिसले नाहीत. तिसऱ्यात काहीतरी तंतुमय आहे, पण काप जाड आल्याने ते यजमानाचंही असू शकतं.

कणकुंबीच्या वाटेवर थांबून खूप फोटो काढले. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र पापुद्रासुद्धा उचलत नाही, तिथे फक्त भिंग आणि कॅमेरा. उस्निया हा दाढीसारखा लोंबणारा शैवाक दिसेल तिथे त्यावरच्या बायाटोरॉप्सिस या बुरशीच्या गाठी हुडकल्या. कोरड्या दिवसांत असल्या जिलेटिनी गाठी आकसतात, त्यामुळे ही तपासणी मृगानंतर पुन्हा करणार.

आंब्याची फांदी कागदी पुडीत आहे, तारीख, झाड आणि उंचीसकट. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या आधीच्या दोन नमुन्यांवर साधी बुरशी चढली, ते टाकून द्यावे लागले. या रविवारी नवं ब्लेड घेऊन चौथा काप.