कापडावर आलेला लाल रंग

मोटारींच्या रंगाला पॉलिश आणि वॅक्स करण्याचे काम मी गेली 14 वर्षे करतो आहे. या वर्षांत मला फोनवर सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा आहे की, घरी पॉलिश करताना कापडाला गाडीचाच रंग लागतो आहे, तर काही बिघडले आहे का? गाडी जुनी असेल तर या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तयार असायचे. ते उत्तर मी एका सकाळी एका निवृत्त गृहस्थांना दिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन त्याचा परिणाम पाहिला.

काकांची गाडी लाल होती, जवळजवळ 30 वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः नवी घेतलेली आणि नंतर कधीही न विकलेली. रंग उतरून बॉनेट आणि टप गुलाबट, खडूसारखे कोरडे झाले होते. त्यांनी गाडी स्वच्छ धुतली, सावलीत उभी केली, बारीक पॉलिश आणले आणि बॉनेटच्या एका कोपऱ्यापासून हाताने सुरुवात केली. पाच मिनिटांत कापड लालभडक झाले, तेव्हा घाबरून त्यांनी मला फोन केला. मी त्यांना सांगितले की जुन्या गाड्यांना एकाच थराचा रंग असे. त्यात रंगद्रव्य आणि चकाकी एकाच थरात असते, त्यामुळे वरचा उन्हाने जळलेला थर निघताना तो कापडाला लागणारच. "घाबरू नका काका, तो मेलेला थर आहे. हलक्या हाताने करत राहा, खाली चांगला रंग मिळेल." हे सगळे खरे होते आणि बॉनेटच्या बाबतीत ते शब्दशः खरे ठरले. माझी चूक अशी की मी हे उत्तर पूर्ण गाडीसाठी दिले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा पुन्हा फोन आला. "अहो, पुढच्या फेंडरवर एक डाग पडलाय. पाणी लावलं की जातो, वाळलं की परत येतो." हे वाक्य ऐकल्यावर मी हातातले काम तसेच ठेवले. पाण्याने नाहीसा होऊन वाळल्यावर परत दिसणारा मंद डाग म्हणजे बहुतेक वेळा वरचा पारदर्शक थर संपला आहे याची खूण असते. पण एका थराच्या रंगात पारदर्शक थर असतोच कुठे? तासाभरात मी त्यांच्या घरी पोहोचलो.

आधी बॉनेट पाहिले. काकांनी ते फार मनापासून केले होते. टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकला तेव्हा हाताने घासल्याचे थोडे बारीक चरे दिसले, परंतु रंग खोल, भरदार आणि सगळीकडे सारखा होता. इतक्या वर्षांच्या उन्हानंतर तो असा उजळलेला पाहून मला स्वतःला आनंद झाला. मग मी डाव्या फेंडरकडे वळलो. चाकाच्या वर पत्र्याला जी लांब धार आहे, त्या धारेवर तळहाताएवढा डाग होता. त्याच्या कडा नकाशावरच्या बेटासारख्या वेड्यावाकड्या होत्या, आतला भाग लालच पण निर्जीव होता आणि भोवती केसाएवढी फिकट रेघ होती. मी त्यावरून बोट फिरवले. बाहेरचा भाग गुळगुळीत लागला आणि डागाच्या आत बोट किंचित अडखळले. काका माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "कापडाला रंग लागत होता, पण तुम्ही म्हणाला होतात ना, लागू दे म्हणून."

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती आणि म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागले.

मी दोन स्वच्छ पांढरी मायक्रोफायबर कापडे काढली. पहिल्यावर वाटाण्याएवढे पॉलिश घेऊन बॉनेटच्या मागच्या कोपऱ्यात दहा-बारा वेळा घासले. कापड लाल झाले. दुसऱ्यावर तेवढेच पॉलिश घेऊन फेंडरच्या अगदी खालच्या टोकाला, दाराजवळ जिथे कोणाचे लक्ष जात नाही तिथे तेवढेच घासले. कापड पांढरेच राहिले, फक्त थोडी धूळ लागली. दोन्ही कापडे मी बॉनेटवर शेजारी शेजारी ठेवली. एकाच गाडीवर, एकाच लाल रंगाखाली दोन वेगळ्या प्रकारची रंगकामे होती. कारखान्यातला मूळ रंग एका थराचा होता. फेंडर मात्र पुढे कधीतरी नव्या पद्धतीने रंगवला गेला होता. त्या पद्धतीत आधी रंगाचा बेस कोट बसतो आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. बेस कोटला स्वतःची चकाकी जवळजवळ नसते. ती सगळी क्लिअर कोटची असते आणि उन्हापासूनचे रक्षणही तोच करतो. ओला केल्यावर डाग नाहीसा होत होता, कारण पाणी काही क्षण त्या पारदर्शक थराची जागा घेत होते.

म्हणजे बॉनेटवर कापडाला लागलेला लाल रंग हे काम नीट चालल्याचे लक्षण होते आणि फेंडरवर लागलेला तोच लाल रंग हे नुकसान होऊन गेल्याचे लक्षण होते. काकांना हा फरक कळणे शक्यच नव्हते. तो मी सांगायला हवा होता.

क्लिअर कोटची पद्धत 1980 च्या दशकात मोठ्या प्रमाणावर रुळली, तरी लाल आणि पांढऱ्यासारखे साधे रंग त्यानंतरही बरीच वर्षे एका थरात दिले जात असत. त्यामुळे गाडीचे वय ऐकून आपण अंदाज बांधतो, आणि तो अंदाज मूळ रंगाबाबत बहुधा बरोबरही येतो. पण 30 वर्षांत एखादा पत्रा पुन्हा रंगवला गेला नसेल असे गृहीत धरणे हा माझा निष्काळजीपणा होता. बॉनेट उघडले तेव्हा पुरावा समोरच होता: फेंडरच्या बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग पान्याने खरवडलेला होता, आणि कडेच्या रबराखाली नखाने चाचपल्यावर मास्किंग टेपने सोडलेली पायरी लागत होती. हे दाखवल्यावर काका क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मुलगी गाडी शिकत होती तेव्हा फाटकाला घासली होती. फेंडर काढून रंगवला होता. मी विसरूनच गेलो होतो."

मग मी रंगाची जाडी मोजणारे यंत्र लावले. बॉनेटवर आकडे 90 ते 105 मायक्रॉन आले, टपावर 115 च्या आसपास. कारखान्यातून निघालेल्या गाडीवरचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतात, म्हणजे माणसाच्या एक-दोन केसांच्या जाडीएवढे. तेव्हा बॉनेटवर फार शिल्लक नव्हते. फेंडरवर मात्र डागाच्या शेजारी आकडा 240 आला. काकांना वाटले की इथे तर रंग दुपटीहून जास्त जाड आहे, मग इथेच कसे बिघडले? घरी यंत्र विकत घेऊन मोजणारे अनेक जण याच आकड्याने फसतात, म्हणून हे नीट सांगणे मला महत्त्वाचे वाटते. हे यंत्र पत्र्यापासून वरपर्यंतचे एकूण अंतर सांगते. त्यात जुना रंग, खड्डे भरायची लांबी (पुट्टी), प्राइमर, बेस कोट असे सगळे आले. त्यातला क्लिअर कोट किती, हे ते सांगत नाही. क्लिअर कोट एरवीसुद्धा 40-50 मायक्रॉनच असतो. मोठा आकडा म्हणजे भरपूर मोकळीक असे नाही, तर इथे आधी कोणाचा तरी हात पडून गेला आहे, एवढाच त्याचा खात्रीचा अर्थ.

शिवाय डाग धारेवर पडला होता, हा योगायोग नव्हता. ओला रंग टोकदार धारेवरून दोन्ही बाजूंना ओसरतो, म्हणून धारेवर थर मुळातच पातळ बसतो, आणि पॉलिश करताना हाताचा सगळा दाब त्याच रेषेवर येतो. पण नुसत्या हाताने आणि बारीक पॉलिशने एका दिवसात एवढे होत नाही. मी विचारले तेव्हा काकांनी आतून यंत्र आणून दाखवले. बॉनेट हाताने करून दंड भरून आल्यामुळे त्यांनी ओळखीच्या माणसाकडून बफिंगचे यंत्र मागून आणले होते, एकाच दिशेने गोल फिरणारे, त्याला लोकरीचे पॅड, आणि बरोबर मिळालेले जाडे कंपाउंड, म्हणजे बारीक पॉलिशपेक्षा खूप जास्त घासणारी पेस्ट. अशा यंत्राचे पॅड मिनिटाला हजार-दोन हजार फेरे घेते; एका जागी ते थोडेसे रेंगाळले तरी पत्रा तापतो आणि धारेवर काही सेकंदांत काम संपते. नवख्या माणसाने घरी यंत्र वापरायचेच असेल तर ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर घ्यावा. त्याचे पॅड गोल फिरता फिरता डोलतेही आणि दाब वाढला की फिरायचे थांबते, त्यामुळे चूक होण्याआधी बराच वेळ मिळतो. धारांवर कागदी टेप लावून मगच सुरुवात करावी.

मी काकांना स्पष्ट सांगितले की कालच्या फोनवर तीन गोष्टी विचारणे माझे काम होते: कोणता पत्रा, हाताने की यंत्राने, आणि गाडीचा कोणता भाग पुन्हा रंगवला आहे का. त्यांपैकी एकही मी विचारली नाही. त्यांनी समजूतदारपणे म्हटले की तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांना तेव्हा आठवलेच नसते. ते खरे असेल. पण पांढऱ्या कापडाने प्रत्येक पत्रा वेगळा तपासून पाहा, एवढे एक वाक्य त्यांना पुरले असते, आणि ते मी बोललो नव्हतो.

फेंडरचे आता पॉलिशने काही होण्यासारखे नव्हते. गेलेला थर कोणतेही पॉलिश परत आणत नाही. नुसत्या डागावर क्लिअर मारला तर जुन्या थराची कड दिसत राहते, म्हणून पूर्ण फेंडर घासून त्यावर बेस आणि क्लिअर पुन्हा देणे हाच मार्ग होता. तोपर्यंत डाग झाकायला वॅक्स लावू का, असे काकांनी विचारले. मी तसे करू दिले नाही. वॅक्स आणि अनेक पॉलिशमधले सिलिकॉन पत्र्यावर थोडेसे जरी राहिले, तरी नवा रंग त्या जागी धरत नाही आणि माशाच्या डोळ्यांसारखे बारीक गोल खड्डे पडतात. मी तो फेंडर अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने दोनदा पुसून काढला आणि तसाच उघडा ठेवला.

उरलेला दिवस मी बाकीच्या गाडीसाठी दिला. काकांनीही माझ्याबरोबर काम करावे असा मी आग्रह धरला, कारण त्या डागानंतर ते पत्र्याला हात लावायलाही कचरत होते. एवढ्या जिव्हाळ्याने सांभाळलेल्या गाडीची त्यांना स्वतःला भीती वाटावी, हे मला पाहवत नव्हते. धुतलेल्या टपावर मी त्यांना पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून फिरवायला सांगितले. नुसत्या बोटांना गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो, कारण धुण्याने न निघणारे लोखंडाचे आणि इतर कण त्यात रुतलेले असतात. त्यासाठी क्ले वापरतात. साबणाच्या पाण्याने पत्रा ओला ठेवून मऊ क्लेची वडी दाब न देता सरकवली की सुरुवातीला ती अडखळते, आवाज करते, आणि कण निघाले की निःशब्द घसरू लागते. काकांनी टपाचा अर्धा भाग स्वतः केला. आवाज थांबल्याचे त्यांच्या कानांनी माझ्याआधी टिपले. वडी जमिनीवर पडली तर ती सरळ टाकून द्यायची, धुऊन वापरायची नाही, हेही मी त्यांना बजावले. तिला चिकटलेला एकच खडा सगळा पत्रा ओरखडून ठेवतो.

टप आणि डिकी आम्ही हातानेच, सगळ्यांत सौम्य पॉलिशने केली आणि शिल्लक जाडी पाहता काही खोल चरे तसेच सोडले. नख आडवे फिरवल्यावर जो चरा नखाला अडकतो, तो पॉलिशने काढायचा म्हणजे आजूबाजूचा रंग त्याच्या तळापर्यंत उतरवायचा, आणि या गाडीवर तेवढा रंग नव्हता. शेवटी वॅक्स. त्यात कार्नोबा होते, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर येणारे कठीण मेण, जे 80 अंशांहून जास्त तापल्याशिवाय वितळत नाही. ते जाड थापल्याने जास्त टिकत नाही, उलट पुसताना त्रास होतो. म्हणून पत्र्यावर फक्त धुक्यासारखी झाक दिसेल इतकेच लावले. मग मी काकांना एका ठिकाणी बोट फिरवून पाहायला सांगितले. पहिल्यांदा बोटामागे चिकट पट्टा उमटला, तेव्हा थांबलो. दहा मिनिटांनी तिथेच बोट फिरवले, तर झाक भुकटीसारखी निघाली आणि खाली स्वच्छ लाल रंग दिसला. त्यानंतरच कापड फिरवले.

पुढच्या आठवड्यात फेंडर रंगवून झाला. नवा रंग सुकला असे वाटले तरी त्यातले द्रावक बाहेर पडायला काही आठवडे लागतात, म्हणून रंगवणाऱ्याने दोन महिने त्यावर वॅक्स लावू नका असे सांगितले होते, आणि काकांनी ते कागदावर लिहून दिव्याच्या बटणाशेजारी चिकटवले. दोन महिने झाल्यावर त्यांचा फोन आला तेव्हा मी आधी विचारले, कोणत्या पत्र्याबद्दल बोलता आहात. मग डिकीबद्दल वेगळे विचारले, दारांबद्दल वेगळे विचारले, आणि त्या संभाषणाला 20 मिनिटे लागली.