रुखवताचा शेवटचा डबा

काल माळ्यावरचा शेवटचा डबा खाली काढला. स्टीलचा, झाकणावर आईचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं. तळाला दोन मुठी गहुले, म्हणजे खिरीसाठी हातानं वळलेले रव्याचे दाणे, उरले होते. मे महिन्यात लग्नाच्या दिवशी हाच डबा गळ्यापर्यंत भरलेला होता. आठ महिन्यांत आम्ही दोघांनी रुखवत खाऊन संपवलं, आणि मला त्याचा इतका आनंद झालाय की ते लिहून ठेवावंसं वाटतंय.

लग्न ठरलं तेव्हाच मी आईला सांगितलं होतं, रुखवतात शोभेचं काही ठेवायचं नाही. माझ्या मावसबहिणीच्या रुखवतात सुपाऱ्यांची सप्तपदी होती, खोबऱ्याच्या वाटीतला गणपती होता, चुरमुऱ्यांचा बंगला होता. दोन-तीन महिने घरातल्या बायका त्यापायी राबल्या. लग्नानंतर सगळं तिच्या सासरच्या काचेच्या कपाटात गेलं, पहिल्याच पावसाळ्यात खोबऱ्याला बुरशी धरली आणि चुरमुऱ्यांत मुंग्या शिरल्या. बहीण मला म्हणाली, "टाकून देताना हात थरथरत होता गं." ते माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं.

म्हणून माझ्या रुखवताच्या टेबलावर काय होतं, तर पाच प्रकारचं हातानं वळलेलं रव्याचं वळवट, सांडगे, कुरडया, कडक भाकरींचा उभा गठ्ठा, शेंगाचटणीची बरणी, शेतातल्या मालदांडी ज्वारीचं एक पोतं आणि एका गाठोड्यात आजीची दोन लुगडी, आईच्या चार साड्या. मांडवात कुजबुज झालीच. एक आत्या सरळ म्हणाल्या, "एवढंच? फोटोत काय दिसायचं?" आई एरवी चारचौघांत फार बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "पोरगी वरीसभर खाईल, पांघरील. त्यालाच रुखवत म्हणायचं."

वळवट एप्रिलमध्ये झालं, आमच्या मंगळवेढ्याच्या घरी. दुपारी जेवणं आवरली की ओसरीत सतरंजी पडायची आणि आई, दोन्ही काकू, शेजारच्या दोघी-तिघी गोल करून बसायच्या. बारीक रवा भिजवून, तेलाचा हात लावून कुटून-कुटून मऊ केलेला गोळा मधे ओल्या फडक्याखाली. ज्याची त्याची नावंच त्याची कृती सांगतात. गव्हाच्या दाण्याएवढा कण अंगठा आणि बोटाच्या चिमटीत फिरवला की गहुला. नखानं दाबून शिंपलीसारखा वळवला की नखुला. नव्या कोऱ्या फणीवर दाबून रेघा उमटवल्या की फणोला. बोटव्या आणि शेवया तर सगळ्यांना माहीत आहेत. तासभर वळलं तरी सुपात जेमतेम तळ झाकेल एवढेच गहुले पडतात. मी दुसऱ्या दिवशी कंटाळले. आजी चौऱ्याऐंशी वर्षांची, डोळ्यांना नीट दिसत नाही, पण तिच्या चिमटीतून पडणारा प्रत्येक गहुला सारखा होता.

आता आमचं घर. जुळे सोलापुरात दोन खोल्या भाड्याच्या, वरचा मजला, गच्ची आमच्याच वाट्याची. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, सकाळी सातला निघते. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनला आहे. सासू-सासरे पूर्व भागात जुन्या घरी राहतात. त्यांच्यासमोर मी त्याला अहो म्हणते, इथं घरी तू. दोन्ही मनापासून येतं.

पहिले पंधरा दिवस मी पीठ विकतचं आणलं, कारण पोत्याला हात लावायचा धीर होत नव्हता. ती भाकरी थापताना कडेनं फाटायची. आईला फोन केला. तिनं पहिला प्रश्न विचारला, "पिठाची विरी गेली नाही ना?" ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. जो काही असतो तो ताज्या दळणात असतो, आणि पीठ जुनं झालं की तोही जातो. मग उकळतं पाणी घालूनच ते वळतं. त्या संध्याकाळी आम्ही पोतं सोडलं. चार किलो ज्वारी निवडली आणि कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणली. पीठ अजून कोमट होतं. पहिली भाकरी तव्यावर टम्म फुगली तेव्हा नवरा मागं उभा होता, म्हणाला, "आता मला शिकव."

तो शिकला. परातीत पीठ भुरभुरायचं, गोळा मधोमध ठेवून तळहातानं दाबत, बोटांनी कडेकडेनं फिरवत मोठा करायचा, तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायचं. उलटायला उशीर झाला की वरून भेगा पडतात आणि मग भाकरी फुगत नाही. त्याला एक महिना लागला. आता आठवड्यातून तीन दिवस भाकरी तो करतो, मी भाजी. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त पुढच्या रविवारी त्याच्या हातात स्वतःची जुनी काटवट, भाकरी थापायची लाकडी परात, ठेवली. तेव्हापासून परात सुटली.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण माझ्या माहेरी तिची थोरवी वेगळ्या शब्दांत सांगतात. दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांच्या गावची ज्वारी, असं आजी म्हणते. परतीच्या पावसावर खोल काळ्या रानात पेरायची आणि पुढं जमिनीतल्या ओलीवरच ती वाढते. माझे वडील पेरणीनंतर आभाळाकडं कमी आणि जमिनीच्या भेगांकडं जास्त बघतात. भाकरीचा तुकडा मोडताना मला ते वाकून भेग बघणारे वडील दिसतात.

कडक भाकरीचं मात्र मला काहीच येत नव्हतं. रुखवतातला गठ्ठा आईनं एका ओळखीच्या बाईंकडून करून घेतला होता आणि तो जुलैतच संपला. कारण पाणी. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. येतं त्या दिवशी पिंप, हंडे, कळशा, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवायची. आदल्या संध्याकाळी पिंपाचा तळ दिसायला लागला की भांडी घासायची नाहीत असं आमचं ठरलंय. त्या रात्री कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि कांदा. ना कुकर, ना कढई. गच्चीवर बसून खायचं आणि दोन वाट्या विसळायच्या. सोलापूरच्या माणसानं कडक भाकरी चवीसाठी जपली हे खरंच, पण पाण्याच्या टंचाईतही ती घर सांभाळते हे मला इथं संसार मांडल्यावर कळलं.

शेजारच्या अक्कांनी शिकवली. त्या कानडी बोलतात, मराठी अधूनमधून. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पीठ भिजवायचं, भाकरी कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर दोन्हीकडून शेकली की आच मंद करून फडक्याच्या बोळ्यानं दाबत राहायचं. दाबलं नाही तर ती वाळताना वेडीवाकडी होते. मग चुलीच्या, म्हणजे आता गॅसच्या, उबेला उभ्या लावून ठेवायच्या. ओल पूर्ण गेली की महिनाभर काही होत नाही. माझी पहिली खेप मधे मऊ राहिली आणि चौथ्या दिवशी तिला वास आला. अक्कांनी तुकडा मोडून कानाजवळ धरला आणि मला म्हणाल्या, "आवाज केळी," म्हणजे ऐक. कट् असा आवाज आला पाहिजे. आता मी प्रत्येक भाकरीचा कोपरा कानाजवळ मोडते.

चटणी आम्ही उखळात कुटतो. दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून सालं पाखडायची, दहा पाकळ्या लसूण, चमचाभर जिरं, दोन चमचे लाल तिखट, मीठ. मिक्सरनं दाणा कापला जातो, मुसळानं तो चेचला जातो, आणि चेचल्यावरच तेल सुटून तिखट-लसूण त्यात मुरतं. कुटताना खालच्या मजल्यावर आवाज जातो म्हणून रविवारी सकाळी अकरा ही वेळ घरमालकीणबाईंशी बोलून ठरवली आहे. पहिल्या रविवारी त्या वाटी घेऊन वरच आल्या.

आता वाकळ, म्हणजे गोधडी. लुगडी आणि साड्या वापरून माझ्यासाठी वाकळ शिवायची असं आईच्या मनात होतं, पण लग्नाच्या गडबडीत राहिलं, म्हणून कापड तसंच गाठोड्यात आलं. पावसाळ्यात मी ते उलगडलं. आत भराव काय घालायचा यावर विचार चालला होता. सासऱ्यांना कळलं. त्यांनी ट्रंकेतून एक चादर काढली. त्यांच्या स्वतःच्या मागावरची, जॅकार्डची, मयूरपंखी. मधोमध विरलेली, पण काठ शाबूत. सोलापुरी चादरीची नक्षी दोन्ही अंगांनी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. सासरे मला पुठ्ठ्याच्या पत्त्यांबद्दल सांगत बसले. कुठल्या पत्त्याला कुठं भोक, त्यावर कुठला उभा धागा उचलायचा ते ठरतं, आणि एक पत्ता फाटला तर मोराची मान तुटते. तीस वर्षं ते माग चालवायचे. कारखाना बंद पडला त्या दिवशी शेवटचं कापड म्हणून ही चादर घरी आणली होती. मी म्हटलं, "मामा, ही कशाला आत घालायची, जपून ठेवू." ते म्हणाले, "पांघरायलाच विणली होती. ट्रंकेत किती दिवस ठेवू?"

मला तिथंच रडू आलं. माझ्या आईचं मांडवातलं वाक्य ह्या माणसानं ऐकलेलंही नव्हतं.

वाकळ शिवायला दोघं लागतात. जमिनीवर पसरून चारी कोपरे वरवंटा, पाटा, खलबत्ता आणि कुकरखाली दाबायचे, नाहीतर थर सरकतात. खाली आजीचं हिरवं लुगडं, मधे चादर, वर आईच्या साड्यांचे चौकोन. कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपासून बोटभर अंतरावर. चादर जाड, सुई जाता जात नाही. मी दोन सुया मोडल्या. नवरा लहानपणी आईसोबत कांड्या भरायला बसायचा, त्याच्या बोटांना धाग्याचा ताण कळतो. मी ओढते तेव्हा कापडाला चुण्या पडतात, त्याच्या टाक्यानं कापड सपाट राहतं. त्याच्या बाजूचे टाके कोणते आणि माझे कोणते ते आजही ओळखू येतात. अक्का येऊन बघून गेल्या, त्यांच्याकडं ह्याला कौदी म्हणतात. त्यांनी माझे दोन वीत टाके न विचारता उसवून पुन्हा घालून दिले.

रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास. ऑगस्टला सुरुवात केली, डिसेंबरच्या थंडीत शेवटची फेरी मधे येऊन मिळाली. भांडण झालेल्या रात्रीही आम्ही बसलो. एकदा तीन दिवस बोलणं बंद होतं, माझ्या पगारातून माहेरी पैसे पाठवण्यावरून. तरी तो समोरच्या कडेला बसून टाके घालत होता, मी इकडच्या. तिसऱ्या रात्री माझा दोरा संपला आणि त्यानं न बोलता रीळ सरकवलं. मग बोलणं सुरू झालं, आणि पैसे किती पाठवायचे तेही त्याच रात्री ठरलं.

संक्रांतीला नणंदेनं मला हलव्याचे दागिने करून घातले. दुसऱ्या दिवशी दोरे सोडले आणि हलवा गल्लीतल्या पोरांना वाटला. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, अक्षता सोहळ्याला आम्ही सिद्धेश्वर तलावाकाठी पहाटेपासून जाऊन उभे राहिलो. सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं म्हणणाऱ्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला, त्याची ही आठवण. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, सातही नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, संमती कट्ट्याजवळ, आणि "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" म्हणताच हजारो हातांतून अक्षता उडाल्या. माझ्या केसांत अडकलेले तांदूळ नवऱ्यानं बसमध्ये वेचून रुमालात बांधले. घरी आल्यावर ते मी ज्वारीच्या पोत्यात टाकले.

काल त्या उरलेल्या गहुल्यांची खीर केली. तुपावर गुलाबी परतले, आधी पाण्यात मऊ शिजवले, मग दूध. गूळ खाली उतरवून, जरा निवल्यावर घातला, गरम दुधात घातला की दूध नासतं. वाकळ पांघरून, वाट्या हातात घेऊन बसलो. आजीला व्हिडिओ कॉल लावला. तिला दिसलं नसणार, पण तिनं विचारलं, "गहुलं आख्खं ऱ्हायलं का, का विरघळलं?" मी म्हटलं, आख्खं राहिलं.

डबा मात्र रिकामा परत द्यायचा नसतो. आज सकाळपासून शेंगापोळ्या चालल्यात. कुटात गूळ किसून तेल सुटेपर्यंत मळला, म्हणजे सारण कडेपर्यंत जातं आणि पोळी फुटत नाही. बावीस झाल्या. रविवारी सकाळच्या एसटीनं मंगळवेढ्याला निघू. सगळ्यात वरच्या दोन नवऱ्यानं लाटलेल्या आहेत, कडा जरा जाड. आई त्याच आधी उचलणार.