पिवळ्या लुगड्याच्या चिंध्या

2024 च्या हंगामात मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सोयाबीन खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. काम काय तर कट्ट्यात परखी (नमुना काढायची टोकदार नळी) खुपसायची, मूठभर दाणे ओलावा मोजायच्या मॉइश्चर मीटरमध्ये टाकायचे आन आकडा बघायचा, 12 टक्क्यांच्या आत असलं तर काटा, वर गेलं की माल परत. हमीभाव क्विंटलला 4892 आणि बाजारात 4000 च्या आसपास, त्यामुळे पहाटेपासून गाड्यांची लाईन.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक काकाजी छोटा हत्तीत 28 कट्टे घेऊन आले, 14 क्विंटल. कट्ट्यांची तोंडं पिवळ्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधलेली, प्रत्येक गाठ सारखी. मीटरवर 13.6 आलं. दुसऱ्या कट्ट्यातून काढलं, 13.4.

"बाबू, दोन दिवस अंगणात वाळवलं ना मी, काहून ओलं दाखवते हे?"

म्हटलं काकाजी, शेडमागे ताडपत्री टाका, दोन उन्हं द्या, मी घेतो. तर म्हणाले शेत मक्त्याचं, म्हणजे भाड्यानं केलेलं आहे, सातबारा मालकाचा, मालक नागपूरले, नोंदणी त्याच्याच नावानं, म्हणजे पैसे त्याच्या खात्यात जातील आन तो देईल तेव्हा खरे. इकडे सोंगणीची मजुरी बाकी, हरभऱ्याचं बियाणं घ्यायचं, गाडीवाला थांबायला तयार नाही. गेटबाहेरच्या व्यापाऱ्याला 4000 नं देऊन टाकलं, 56,000 रोख.

15 नोव्हेंबरला केंद्र सरकारचा आदेश आला, 15 टक्क्यांपर्यंत ओलावा चालेल. काकाजींचा माल त्यात सहज बसला असता.

त्यानंतर आठवड्याभरानं एक ट्रॅक्टर लागला आणि त्यात तेच कट्टे. चिंध्या बघूनच ओळखले मी. नाव भलत्याच शेतकऱ्याचं, सातबारावर पेरा बरोबर, एसएमएस बरोबर, ओलावा 11.8. वरिष्ठांना सांगितलं तर म्हणे नाव जुळते ना, मग कर काटा. 68,488 ची पावती झाली. बाजारभावापेक्षा 12,488 रुपये सरकारनं जास्त मोजले आणि ज्यानं पेरलं, फवारलं, सोंगलं त्याच्या हातात त्यातला एक रुपया गेला नाही.

हमीभाव वाढवा म्हणून सगळेच बोलतात, मीही बोलायचो, पण वाढीव भाव मिळतो तो ज्याच्याकडे थांबायला जागा, हातात पैसा आणि सातबारा आहे त्याला. अन्न महामंडळाच्या फेररचनेसाठी नेमलेल्या शांताकुमार समितीनं 2015 मध्येच सांगितलं होतं की सरकारी यंत्रणेला हमीभावानं माल विकू शकणारे शेतकरी जेमतेम 6 टक्के. मग थेट खात्यात द्या म्हणावं तर 2023 च्या कापूस-सोयाबीनचे हेक्टरी 5000 पण ई-पीक पाहणी (मोबाइलवरची पिकाची नोंद) नाहीतर सातबारावरचा पेरा बघूनच दिले, म्हणजे पुन्हा सातबारावाल्यालाच. आणि मालक मक्ता कागदावर लिहून देत नाही कारण त्याला कूळ लागायची, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल याची धास्ती. ही गाठ सुटल्याशिवाय कितीही कोटी ओता, ते मक्त्यानं करणाऱ्याला वळसा घालूनच जाणार, हे मी काट्यापाशी उभं राहून पाहिलंय.

हमालांनी चिंध्या सोडून माल सरकारी बारदान्यात ओतला. संध्याकाळी काकाजींना फोन लावला. हरभरा पेरून झाला म्हणे, उगवण चांगली आहे. बाकी मी काही सांगितलं नाही.