किल्ल्यांच्या आडोशाने: मुंबई ते गोवा, शिडावर

मुंबई ते गोवा हे अंतर समुद्रातून साधारण सव्वादोनशे सागरी मैल. रात्रंदिवस चालवली तर आमची 34 फुटी शिडाची बोट ते दोन-तीन दिवसांत कापेल. आम्ही मात्र बंदरं घेत, रेंगाळत गेलो. आता नकाशावर मुक्कामाच्या खुणा बघतो तर ती सगळी किल्ल्यांची यादी निघते. राजपुरी खाडीच्या तोंडाशी जंजिरा, हर्णैला सुवर्णदुर्ग, वाशिष्ठीच्या मुखावर अंजनवेल, पुढे जयगड, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. खरं तर किल्ले बघायला आम्ही निघालोच नव्हतो. रात्रीपुरता वाऱ्या-लाटेपासून आडोसा हवा म्हणून जिथे जिथे सुकाणू वळवलं, तिथे कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वीच बुरूज बांधून ठेवला होता.

गाडीने जाऊन हे किल्ले मी आधीही पाहिले होते. तेव्हा कायम प्रश्न पडायचा, इतक्या अडचणीच्या जागी का बांधले? समुद्रातून आलं की अडचणीची जागा सोयीची दिसायला लागते. भूशिराने वायव्येचा वारा अडवलाय, आत खाडीला पुरेसं पाणी आहे, नांगर धरेल असा चिखल आहे. अशी जागा ज्याच्या हातात, त्याच्या हातात तो किनारा.

याचा सगळ्यात उत्तम नमुना म्हणजे विजयदुर्ग. किल्ला उजव्या हाताला ठेवून वाघोटनच्या खाडीत वळलो आणि दिवसभर हेलकावणारी बोट अक्षरशः दोन मिनिटांत स्थिर झाली. बाहेर लाटांवर फेस होता आणि आत चहाचा कप टेबलावर ठेवता येत होता. आंग्र्यांचं आरमार इथे का राहत होतं, हे त्या कपाने जितकं समजावलं तितकं कुठल्या माहितीफलकाने समजावलं नसतं. मराठ्यांची गुराबं आणि गलबतं उथळ पाण्यात शिरायची. तळ पाण्यात खोलवर जाणारी इंग्रजी जहाजं त्यांच्या मागे खाडीत घुसायला कचरायची. मागच्या खाडीत गिर्ये गावाजवळ मराठ्यांची गोदीही होती. आणि हे आरमार जळलं तेही याच आडोशात. 1756 च्या फेब्रुवारीत इंग्रज चालून आले तेव्हा पेशवे तुळाजी आंग्र्यांच्या विरोधात, इंग्रजांच्या बाजूने होते. आमचा नांगर पडला होता त्याच्या आसपासच कुठेतरी ती जहाजं पेटली असतील. त्या रात्री गप्पा याच विषयावर रंगल्या आणि थोड्या तापल्याही, कारण बोटीवर पेशव्यांचा एक कट्टर कैवारी होता!

हर्णैबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सुवर्णदुर्ग सुंदर, पण त्याच्या आडोशाला लाट पूर्ण थांबत नाही. रात्रभर बोट लोळत राहिली आणि पहाटे मासेमारी बोटींची वर्दळ सुरू झाली.

वाऱ्याचं मात्र सांगायलाच हवं. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ करून गुण मिळवले होते. इथे तेच आमचं वेळापत्रक झालं. पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा, थंडगार आणि सपाट पाण्यावरचा. दहा-अकराच्या सुमारास तो मरतो, शिडं लोंबकळतात, सगळे इंजिनाकडे बघायला लागतात. दुपारी समुद्राकडून वायव्येचा वारा उठतो आणि संध्याकाळपर्यंत चढत जातो. दक्षिणेला जाताना हा वारा पाठीशी, त्यामुळे दुपार म्हणजे चैन. येताना तोच नाळेवर, म्हणजे बोटीच्या थेट तोंडावर.

भरतीचं गणितही वाटेत बदलत गेलं. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, गोव्यापर्यंत तो साधारण निम्म्यावर येतो. त्यामुळे दक्षिणेकडे नांगराची साखळी किती सोडायची याची चिंता कमी होत गेली.

भीती वाटली ती फक्त जाळ्यांची. रात्री थर्मोकोलचा तरंगता तुकडा आणि त्यावरचं फडकं, एवढीच काय ती खूण. कधी जाळ्याच्या टोकाला मिणमिणता दिवा असे, कधी तोही नसे. एकाने पुढे बसून टॉर्च मारत राहायचं, हा नियम प्रत्येक रात्री पाळला. दीपगृहं त्यामानाने फार शहाणी. प्रत्येकाची लुकलुक वेगळी, सेकंद मोजले की नाव कळतं. अंधारात जयगडचा दिवा ओळखता आला तेव्हा जीपीएस हाताशी असूनही भलताच आनंद झाला.

देवगडच्या अलीकडे एका अमावस्येच्या रात्री पाणी पेटलं. नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जिवांचा हा उजेड, पाणी ढवळलं की निळसर चमकतो. बोटीमागे लांब रेघ उमटत होती. मग दोन डॉल्फिन आले. ते दिसत नव्हतेच, दिसत होत्या फक्त त्यांच्या वाटा, बोटीखालून आरपार जाणाऱ्या. मोबाइलवर काहीही आलं नाही. सगळ्या सफरीतलं एकच काही निवडायचं झालं तर मी हे निवडेन, किल्ले गेले खड्ड्यात.

मालवणला आत शिरायची वाट खडकांमधून जाते. सिंधुदुर्ग त्या खडकांमुळेच सुरक्षित राहिला असणार. बाहेरच घुटमळत होतो तेव्हा एक तांडेल जवळून गेले. आमच्याकडे बघून म्हणाले, "सांजेक वारो येतलो, भायर रवा नका. माझ्या मागसून येवा." त्यांच्या होडीमागे जसंच्या तसं वळत आत गेलो. पैसे विचारले तर हात हलवून निघून गेले.

वेंगुर्ल्याचे खडक लांबूनच पाहिले. तिथल्या गुहांमध्ये लाळेची घरटी बांधणाऱ्या पाकोळ्या राहतात, त्यांना त्रास नको. गोव्यात मांडवी नदीत कसिनोंच्या दिव्यांनी झोप येईना. पण नदीत वरच्या बाजूला दिवाडी बेट आहे. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये ज्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती तिथेच बांधली गेली. तेवढ्यासाठी गोवा माफ.

परतताना दुपारच्या वायव्येशी भांडण नको म्हणून बेत उलटा केला. दिवसा नांगर टाकून झोपायचं, मध्यरात्रीनंतर मतलई वारा धरून किनाऱ्याच्या कडेने वर सरकायचं. वेग कमी, जाळ्यांचा ताप जास्त, पण शिडं भरलेली. मालवण ते विजयदुर्ग असंच गेलो आणि उजाडता उजाडता पुन्हा वाघोटनमध्ये नांगर टाकला.