जेवणातला ‘ज’

आमच्या डॉक्टरांचा दवाखाना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे आणि मी पुण्यात. तिकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा थंडीच्या दिवसांत इथे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. ते पेशंट तपासतात, खोलीतला आवाज माझ्या हेडफोनमध्ये येतो आणि मी नोट लिहीत जाते. पेशंट उठेपर्यंत नोट तयार व्हायला हवी. मग डॉक्टर ती वाचून सही करतात. हे काम करणाऱ्याला मेडिकल स्क्राइब म्हणतात. फोन लॉकरमध्ये आणि टेबलावर कागद-पेन नाही, कारण पेशंटच्या माहितीबाबत तिकडचा १९९६चा हिपा कायदा कडक आहे.

मी सातारा जिल्ह्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. ट्रेनिंगमध्ये शब्दांच्या याद्या मिळाल्या, पण सकाळी पाठ केलेलं संध्याकाळी विसरलेलं असायचं. एकदा ‘हायपर’ आणि ‘हायपो’ची गल्लत करून बोलणी खाल्ली, तेव्हा घरी येऊन वही उघडली आणि दहावीचं संस्कृत आठवलं. हायपर म्हणजे उपरि, वरचं; हायपो म्हणजे उप, खालचं. पेरि म्हणजे परि, परिसरातला. डिस म्हणजे दुस्, दुष्काळातला. ॲनिमियातला ‘अन’ तोच, जो अनोळखीत आहे. ऑस्टिओ म्हणजे अस्थी. ग्रीक आणि संस्कृत एकाच घराण्यातल्या भाषा, हे कुठेतरी वाचलेलं होतं. त्या रात्री त्याचा उपयोग कळला. त्या वहीत मी सगळे शब्द देवनागरीत लिहू लागले, कारण उच्चार देवनागरीत पक्का बसतो असा माझा विश्वास होता.

बहुतेक शब्दांच्या बाबतीत तो खराही ठरला. अवघड असतात ते जुळे शब्द. इलियम एक आतड्यात आणि एक कमरेच्या हाडात, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. हायड्रॅलझिन ब्लडप्रेशरसाठी, हायड्रॉक्सिझिन खाजेसाठी. ॲबडक्शन (हात-पाय शरीरापासून दूर नेणं) आणि ॲडक्शन (जवळ आणणं) तर इतके सारखे ऐकू येतात की काळजी घेणारे डॉक्टर ‘ए-बी’, ‘ए-डी’ अशी अक्षरं सुटी करून बोलतात. ट्रेनिंग देणाऱ्या ताईंचा एकच नियम होता: नीट ऐकू आलं नाही तर अंदाज बांधायचा नाही, जागा रिकामी सोडून तीन फुल्या टाकायच्या आणि विचारायचं.

जानेवारीतली रात्र. तिकडे सकाळचे साडेदहा. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई मुलीबरोबर आल्या होत्या (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत). मुलगी सांगत होती, काल नाश्त्याच्या वेळी आईचं असंच झालं होतं, थोड्या वेळानं ठीक झाली. आज परत. “इट जस्ट गेट्स स्टक.” डॉक्टर जाता जाता म्हणाले, “डिस्फेजिया सिन्स धिस मॉर्निंग.” नाश्ता, अडकतंय, डिस्फेजिया. माझ्या डोळ्यांपुढे घशात अडकलेला घास उभा राहिला आणि मी ‘जी’ अक्षराचं डिस्फेजिया लिहिलं. गिळायला त्रास.

डॉक्टरांनी बाईंना पाण्याचा घोट घ्यायला सांगितला. ठसका नाही. जीभ बाहेर काढायला लावली, सरळ. इथपर्यंतच्या तपासण्या माझ्या ‘जी’शी जुळत होत्या. मग त्यांनी काहीतरी दाखवून विचारलं, हे काय आहे? बाई गप्प. खुर्ची करकरलेली ऐकू आली. मग अगदी हळू, “द टाइम… यू लुक ॲट इट…” ते घड्याळ होतं. वस्तू कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक होतं, नाव तेवढं सापडत नव्हतं. पाठोपाठ डॉक्टर म्हणाले, माझ्यामागून म्हणा, “नो इफ्स, अँड्स, ऑर बट्स.” बाई “नो इफ”वर थांबल्या.

हे वाक्य मी ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं. गिळणं तपासायला ते कुणी म्हणायला लावत नाही.

माझे हात गार पडले. चॅटमध्ये डॉक्टरांना एवढंच लिहिलं: जी की एस? उत्तर लगेच आलं: एस. स्पीच. स्पेलिंगमध्ये ‘एस’ असलेलं डिस्फेजिया म्हणजे बोलायला त्रास. मी शब्द बदलला आणि त्याच्यामागून लिहिलेल्या गिळण्याच्या दोन ओळी पुसल्या. तोवर डॉक्टर मुलीला विचारत होते, आज शेवटचं पूर्ण नीट कधी बोलल्या? सव्वासातला फोनवर, ती म्हणाली. ही वेळ मी टाइप करून पुन्हा वाचली, कारण पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि तो हिशोब याच वेळेपासून मोजतात. बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली, नॉर्मल होती. नर्सनं ९११ला, तिकडच्या आणीबाणीच्या नंबरला, फोन लावला. ॲम्ब्युलन्सबरोबर माझी नोट गेली.

माझी चूक सहीच्या आधी सुधारली गेली, म्हणून नोटमध्ये तिचा मागमूस नाही. म्हणूनच ती इथे लिहितेय. मी ऐकलं नव्हतं, अंदाज बांधला होता. तीन फुल्या टाकायच्या जागी मी एक गोष्ट रचली.

पहाटे चारला घरी आल्यावर वही काढली. गिळण्याचं ‘डिस्फेजिया’ एका पानावर. बोलण्याचं त्यानंतर कितीतरी पानांनी. दोन्ही माझ्याच अक्षरात, अगदी एकसारखी. आपल्या ‘ज’ला दोन उच्चार आहेत, एक जेवणातला आणि एक जवळमधला, पण लिहायला अक्षर एकच. इंग्रजीत जो फरक ‘जी’ आणि ‘एस’मुळे दिसतो, तो माझ्या देवनागरीनं झाकून टाकला होता. त्याच पानावर लाल पेनानं लिहिलं: जेवणातला ‘ज’, ‘जी’ म्हणजे गिळणं. जवळमधला ‘ज’, ‘एस’ म्हणजे शब्द. (या गोंधळामुळेच बरेच डॉक्टर बोलण्यासाठी ‘अफेजिया’ हा शब्द वापरतात. आमचे डॉक्टरही त्या दिवसापासून तोच म्हणतात, निदान माझ्या कानावर तरी.) ताईंना सांगितलं, तर त्यांनी नव्या बॅचला हे पान दाखवायला मलाच उभं केलं.

एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला छोटा पक्षाघात दिसला होता, हे मला फॉलोअपच्या दिवशी त्यांच्या कागदपत्रांतून कळलं. बाई स्वतः बोलत होत्या, सावकाश. डॉक्टरांनी पुन्हा मनगट पुढे केलं असावं.

“वॉच,” बाई म्हणाल्या.

आणि हे? पट्ट्याचं बकल दाखवत असणार. बाई थांबल्या. “द… फॉर क्लोजिंग.”

मी दोन्ही लिहिलं.